मुंग्या आहेत का? कळवा

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. त्या सूचनेतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी आईला सांगितलं, दादाला सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवलं, आणि तिघांनीही "बरं बरं" म्हणून मला वाटेला लावलं. पण ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं त्याच्यासमोर उभी राहिले, तेव्हा हेच वाक्य म्हणता येईना.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि बिस्किटांच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. काम काय, तर पन्नास ग्रॅम पिठात किड्यांचे किती तुकडे आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. पाय, पंख, मिशीचं टोक, अर्धा जबडा. पाहुणे विचारतात तेव्हा आई "फूड सेफ्टीत आहे" एवढंच सांगते आणि घाईघाईने चहाचं विचारते. दिवसभर किड्यांचे सुटे भाग मोजल्यावर एखादा अख्खा, जिवंत, आपल्या कामाला निघालेला किडा दिसला की डोळ्यांना किती बरं वाटतं, ते ज्याने हे काम केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. म्हणून मी मुंग्यांच्या गटात सामील झाले.

एका विज्ञान संस्थेच्या संकेतस्थळावर हौशी निरीक्षकांचे पुष्कळ गट आहेत. पक्षीवाले चौदा हजार आहेत. ढगवाले दोन हजार. आम्ही मुंगीवाले एकोणीस. त्यातला एक जण पासवर्ड विसरल्यामुळे दुसऱ्या नावाने पुन्हा आला होता, म्हणजे शास्त्रशुद्ध मोजलं तर अठरा. आमचे संस्थापक म्हणजे नकाशेवाले काका. हे त्यांचं गटातलं नाव. उभी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आमच्याच शहरातल्या, त्यांच्या घराजवळच्या बागेत, एका बाकाखाली, त्यांना काळ्या मुंगळ्यांचं घर दिसलं आणि तेव्हापासून ते रोज सकाळी तिथे उकिडवे बसून नोंद करतात. सहा वर्षं. एक दिवसाचा खाडा नाही. नोंद अशी असे:

"सकाळी ७.१०. बाहेर पडलेले ३४, परतलेले २९. एक जण कुणाचा तरी पंख ओढत आणतोय, वाऱ्याने दोनदा उलटा झाला. दार कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर पूर्वेला."

आणि खाली बहुतेक दिवशी माझी एकटीची प्रतिक्रिया: "छान नोंद, काका. मग पंख आत गेला का?"

अशात संस्थेचं पत्र आलं. महिनाअखेर ज्या गटाचे सभासद शंभराच्या खाली असतील तो गट बंद होईल. मी काकांना फोन केला आणि धीर द्यायला म्हणाले, "जुन्या नोंदी उतरवून घेता येतात, काका. काही वाया जाणार नाही."

"नोंदी माझ्या वहीत आहेतच हो," काका म्हणाले. "पण 'मग पंख आत गेला का' असं वही थोडंच विचारते?" आणि लगेच, जणू काही बोललेच नाहीत अशा थाटात, तुमच्याकडे उकाडा कसा आहे म्हणून चौकशी करू लागले.

"शंभर करून देते, काका," मी म्हणाले. ज्याची पद्धत माहीत नाही असं काम तारखेसकट कबूल करू नये, हे मला प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी सूचनेचा मसुदा केला. "मुंग्यांच्या वर्तनाच्या दीर्घकालीन निरीक्षणात सहभागी होण्याचे आवाहन." दादा एका कंपनीत विक्री खात्यात आहे. तो ब्रश तोंडात धरूनच वाचू लागला, मग तो बाहेर काढून म्हणाला, "हे वाचून मी स्वतः मुंगी असतो तरी आलो नसतो."

"मग काय लिहू?"

"त्यांच्या घरचं बोल. प्रश्न विचार. तीन ओळी, बास. आणि फुकट आहे ते मोठ्या अक्षरात टाक."

"निरीक्षण काढ आधी," आई आतून ओरडली. "लोकांना वाटतं आपल्यावरच कुणी नजर ठेवतंय."

"अगं, पण आम्ही निरीक्षणच करतो."

"करा ना. सांगता कशाला?"

शेवटी सूचना अशी झाली: "घरात मुंग्या आहेत का? कळवा. फोटो पाठवा. कोणती मुंगी, कुठून येते, का येते, सगळं सांगू. विनामूल्य. आमच्या गटात आजच सामील व्हा." मी ती चार वेळा तपासली. प्रत्येक विधान सिद्ध करून दाखवता येण्यासारखं होतं.

सोसायटीच्या फलकावर ती लावायला सेक्रेटरींची परवानगी हवी. त्यांना अर्ज दोन प्रतींत लागतो. एक ते स्वतःकडे ठेवतात आणि दुसरी हरवतात. आमच्या फलकावर रंगाने चार रकाने कायमचे आखलेले आहेत: पाणी, वर्गणी, हरवले-सापडले, कीटक व उंदीर.

"यातलं तुमचं कशात बसतं?" त्यांनी विचारलं.

"कशातच नाही. हा एक अभ्यासगट आहे."

"अभ्यासाचा रकाना नाही. रकाना वाढवायचा तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. गेल्या वेळी 'हरवले'ला 'सापडले' जोडायला तीन सभा लागल्या. मुंगी कीटक आहे की नाही?"

"आहे. सहा पाय, शरीराचे तीन भाग."

"मग प्रश्न मिटला," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने टाचण्या टोचून त्यांनी माझी सूचना कीटक व उंदीर या रकान्यात लावली. शेजारी उंदरांच्या सापळ्याची जाहिरात होती. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, जागा छान मिळाली, लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच दिसते.

संध्याकाळपर्यंत एकतीस नवे सभासद आले. मी खोलीत एकटीनेच टाळी वाजवली. मग पहिला संदेश आला: "स्वयंपाकघरात ओट्यावर लाल मुंग्या आहेत. कधी येणार?"

मी अभ्यासपूर्वक उत्तर दिलं, "ओट्यावर अन्नकण असतील तर साधारण सकाळी आणि तिन्हीसांजेला येतील."

"अहो मुंग्या नव्हे, तुमचा माणूस!"

इथे मला कळलं. कळायला मी काही अगदीच ही नाही. त्यानंतर चाळीस मिनिटांत आणखी नऊ जणांनी पत्ते आणि सोयीच्या वेळा पाठवल्या. आमच्या प्रयोगशाळेत नोंद चुकली तर नियम साधा आहे: एका रेघेने खोडायची, शेजारी तारीख घालायची, सही करायची. मी त्या क्षणी एक ओळ लिहायची होती की बाबांनो, आम्ही मुंग्या मारत नाही, बघतो. ती ओळ मी लिहिलीसुद्धा. पाठवण्याआधी वरचा आकडा पाहिला. पन्नास झाला होता. मी ओळ पुसली.

स्वतःची समजूत घालायला मला शिक्षणाचा फार उपयोग झाला. मी म्हटलं, हा प्राथमिक टप्पा आहे. माणूस आधी कुठल्याही कारणाने येतो, कुतूहल मागाहून जागं होतं. मी गटात वरच एक संदेश चिकटवून ठेवला: "मारण्यापूर्वी एकदा मुंगीकडे कुतूहलाने पाहा." त्याखाली आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "पाहिलं. साखरेच्या डब्यात आहेत. पुढे?"

पुढे फवारणीवाले आले. चौकातल्या दुकानात पाठीवरच्या पंपाने झुरळ-ढेकूण-वाळवीची फवारणी करून देणारे गृहस्थ. अत्यंत सज्जन. मी दिवसभर पिठात मान घालून बसलेली असायची, ते मात्र प्रत्येकाला मिनिटाच्या आत उत्तर द्यायचे. "ताई, काळजी नको, फटीत भरा." "दादा, रांग तोडू नका, रांगेच्या मुळाशी जा." तीन दिवसांत ते गटातले सर्वांत लाडके सभासद झाले. लोक त्यांना सर म्हणू लागले. मला कुणी काही म्हणत नव्हतं. जुन्या अठरांपैकी चौघांनी गट सोडला, त्यातल्या एकीने, जिने पाच वर्षं एका राणीमुंगीला बरणीत सांभाळलं होतं, मला खासगीत फक्त एवढंच लिहिलं: "मी कोळ्यांच्या गटात जाते." आकडा ब्याऐंशी होता. मी तिला उत्तर दिलं नाही.

आणि या सगळ्या गलबल्यात नकाशेवाले काका रोज सकाळी आपली नोंद टाकतच होते. "७.१०. बाहेर ४१, आत ३८." वर विषाच्या गोळ्यांचा फोटो, खाली बोरिक पावडरचं प्रमाण, मध्ये काकांचे मुंगळे शिस्तीत ये-जा करताहेत. मी फोन करून ओशाळ्या आवाजात म्हणाले, "काका, नवीन मंडळी जरा वेगळी आहेत."

"असू दे हो. सात जणांनी अंगठा दिलाय आज," काका म्हणाले. "सहा वर्षांत तीनच्या वर गेला नव्हता." त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी विषय बदलून उकाड्यावर आणला.

चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर कळवळा.

"काय गं, ते रोज सकाळी लिहितात ते काका कोण? मी मागचं मागचं वाचत गेले. सहा वर्षांपासून लिहिताहेत?"

माझ्या अंगावर काटा आला. कुतूहल! मागाहून जागं झालेलं कुतूहल! "हो काकू! सहा वर्षं. रोज. न चुकता."

"अगं बाई. आणि कुणी लक्षच दिलं नाही?"

"कुणीसुद्धा नाही. मीच काय ती आपली दोन शब्द लिहायची."

"एवढा म्हातारा माणूस, रोज वाकून वाकून मोजतोय, आणि कुणाला पाझर फुटू नये! कुठे आहे ते नक्की?"

मला भरून आलं. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, खाली ठेवली, आणि भिंतीला कागद टेकवून त्यांना नकाशा काढून दिला. बागेचं मागचं फाटक, पाण्याच्या टाकीकडून तिसरा बाक, बाकाच्या डाव्या पायापासून बावीस सेंटिमीटर, फरशीच्या फटीत. मुख्य दार आणि पावसाळी दार अशी दोन्ही दारं मी वेगवेगळ्या खुणांनी दाखवली. काकूंनी विचारलं, ही दुसरी खूण कसली, तर मी म्हणाले, "दुसरीकडूनही निघतात. ते पुष्कळांना माहीत नसतं."

"बरं झालं सांगितलंस," काकू म्हणाल्या.

बावीस तारखेला शंभरावा सभासद आला. मी प्रयोगशाळेत होते. डोळा सूक्ष्मदर्शकाला, हातात मोजणीचं यंत्र. फोन थरथरत राहिला. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर गटात दोन फोटो होते. पहिल्यावर लिहिलं होतं "आधी", दुसऱ्यावर "नंतर". दोन्हींत तो बाक होता. दुसऱ्या फोटोत फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन उभे होते, शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, आणि फरशीवर ओला पांढरा डाग. खाली मजकूर: "सहा वर्षांची तक्रार दहा मिनिटांत निकाली! आपल्या ज्येष्ठ सभासदांना गटाकडून प्रेमाची भेट. सरांनी सेवा विनामूल्य दिली. अचूक ठिकाण दाखवून दिल्याबद्दल आपल्या ॲडमिन ताईंचे विशेष आभार."

अठ्ठ्याऐंशी अंगठे. मी ते मोजले. मला मोजण्याशिवाय काही येत नाही.

अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात "कारण" असा रकाना असतो. मी "कौटुंबिक" लिहिलं. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही झालं का?" मी म्हणाले, "हो. बऱ्याच जणांना." बागेत पोचेपर्यंत फोनवर संस्थेची मेल येऊन पडली होती. महिन्यातला सर्वांत वेगाने वाढलेला गट म्हणून आमचं अभिनंदन केलं होतं, आणि इतर गटांच्या मार्गदर्शनासाठी मी आपली कार्यपद्धती तीनशे शब्दांत लिहून पाठवावी अशी विनंती होती.

काका बाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांना मी प्रथमच प्रत्यक्ष पाहत होते. वाटलं होतं त्यापेक्षा लहान चणीचे, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, गुडघ्यावर वही. त्यांनी मान वर केली नाही.

"बोलू नका, आकडा चुकेल," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "जे सकाळी बाहेर गेले होते ते परत येताहेत. दार शोधताहेत. तेवीस झाले."

मी तशीच उभी राहिले. फरशीवर काळे मुंगळे त्या पांढऱ्या डागाच्या कडेपर्यंत यायचे, थबकायचे, मिशा हलवायचे आणि गोल फिरून पुन्हा त्याच कडेला यायचे. त्यातला एक आपल्याएवढाच कसला तरी दाणा घेऊन आला होता आणि तो खाली ठेवायला तयार नव्हता.

"काका, मी..."

"फवारणी किती वाजता झाली, ठाऊक आहे?"

"फोटो अकरा चाळीसचा आहे."

त्यांनी लिहिलं. "दोन्ही दारं सापडली त्यांना. पावसाळी दार मला स्वतःला दोन वर्षांनी कळलं होतं. हुशार माणूस दिसतोय."

"मी सांगितलं, काका. नकाशा काढून दिला. मला वाटलं, बघायला जाताहेत." एवढंच नाही हेही सांगायला हवं होतं, म्हणून मी बाकीचंही सांगितलं: सूचना, रकाना, पुसलेली ओळ, बरणीतली राणीमुंगी. सूचनेतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे वाक्य मी पाठ करून आणलं होतं. ते तेवढं म्हणता आलं नाही.

काकांनी बाकाच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "डाव्या पायापासून किती सांगितलंत?"

"बावीस सेंटिमीटर."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पेन्सिलीचं टोक पाहत राहिले. "एखादं माप चुकलं असतं तुमचं तर काय बिघडलं असतं."

त्या दिवशी संध्याकाळी मी गटात सगळं लिहिलं. हा गट मुंग्या बघण्याचा आहे, मारण्याचा कधीच नव्हता. ही चूक पहिल्या संध्याकाळी माझ्या लक्षात आली होती आणि आकड्यासाठी मी ती लपवली. बाकाखालच्या नोंदी तक्रारी नव्हत्या. खाली नाव घातलं, तारीख घातली. बारा दिवस उशिराने का होईना, रेघ मारली.

लोक रागावले नाहीत, हे फार वाईट झालं. रागावले असते तर बाजू मांडता आली असती. "ओह, सॉरी", "असंही असतं का", "गैरसमज झाला, शुभेच्छा" असं म्हणत ते एकेक करून बाहेर पडले, चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरलेले लोक पडतात तसे. फवारणीवाले जाताना लिहून गेले, "ताई, मी तर पुण्याचं काम समजून केलं हो. आधी सांगायचंत." सेक्रेटरींनी सूचना फलकावरून काढली आणि रकान्याचा गैरवापर केल्याबद्दल मला समज दिली, दोन प्रतींत. संस्थेला मी कार्यपद्धती तीनशे शब्दांऐवजी सहाशे शब्दांत कळवली. त्यांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मात्र फोन आला.

"म्हणजे ती तक्रार नव्हती?"

"नव्हती, काकू."

"मग सहा वर्षं ते काय करत होते?"

"बघत होते."

"मी चांगली हसून पोज देऊन उभी राहिले गं त्या फोटोत," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आकडा सदतीस होता. संध्याकाळी पाच वाजता कार्यालय बंद व्हायच्या वेळी गटाचं पान उघडेनासं झालं. शंभर करून देते म्हणाले होते. दिलेही होते, आठ तास पन्नास मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. गट बंद झाल्याचं त्यांना मीच तोंडाने सांगावं, फोनवरून उकाड्याच्या गप्पांत मिसळून नाही, एवढं तरी ठरवलं होतं. मागच्या फाटकातून आत शिरले तर बाकापाशी दोन माणसं उकिडवी बसलेली. काकांशेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. भाजीची पिशवी बाकावर, चष्मा नाकाच्या टोकावर.

"तो बघा, तो मागे राहिला," काकू कुजबुजत होत्या.

"तो आपल्यातला नाही. तो टाकीकडच्या घरचा आहे. मेलेले उचलून नेताहेत ते. तीन दिवस चाललंय."

"नेऊन काय करतात?"

"खातात."

"शी!" काकू म्हणाल्या. आणि मग, अजिबात मागे न सरता, "मग? घरात नेऊन कुठे ठेवतात?"

काकांनी वही तिरकी करून त्यांना काहीतरी दाखवलं. कामकरी मुंगळे 'तो' नसतात, सगळ्या माद्या असतात, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

काकांनी मला पाहिलं. मी तिथूनच म्हणाले, "काका, गट काल बंद झाला."

"हं," ते म्हणाले. पुन्हा वहीत पाहिलं, काहीतरी लिहिलं, मग थोडं सरकून फरशीवर माझ्यापुरती जागा केली. मी गुडघे दुमडले तसा त्यांनी पेन्सिलीने मला थांबवलं.

"बसा," काका म्हणाले. "पण कुणाला कळवू नका."